घाटात पडलेला मनुष्य

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १०, वचने २५ ते ३७



आजचा शास्त्रपाठ तुम्हांपैकी बहुतेकांस तोंडपाठ आहे. रविवारच्या शाळेत मुले तो शिकतात, नाताळच्या दिवसांत त्याचा संवाद करून दाखवितात, आणि उपदेशक बंधूंस एखाद्या गावी अकस्मात बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे ज्या चारदोन गोष्टी पुस्तक न उघडता सांगता येतात, त्यांत चांगल्या शोमरोन्याची ही गोष्ट खचित असते. आम्हीही वीस वर्षे ती सांगत आलो आहोत. परंतु गेल्या हिवाळ्यात ती आम्हांस अशा एका जागेवरून पाहावी लागली की जेथे आम्ही पूर्वी कधी उभे राहिलो नव्हतो. त्या दिवशीही आम्ही तेथे उभे नव्हतो, पडलो होतो. तेथून जे दिसले ते तुम्हांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या वाटेकडे लक्ष द्या. यरुशलेम नगर डोंगरावर वसले आहे, आणि यरीहो यार्देनेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. दोहोंमधील वाट सुमारे २७ किलोमीटरांची, आणि तेवढ्यात ती सुमारे १,००० मीटर खाली उतरते. दोन्ही बाजूंस उघडे डोंगर, ओसाड दऱ्या आणि वळणामागून वळण. तो मनुष्य वरून खाली उतरत होता, असे प्रभूने मुद्दाम सांगितले आहे. सपाट मुलखातील लोकांस हे समजावून द्यावे लागेल. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोकांस ती गरज नाही. आपण तर तालुकेसुद्धा घाटावरचे व घाटाखालचे असेच ओळखतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव हे पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा, चिखली, मेहकर हे वरच्या पठारावर. आणि मलकापूरहून बुलढाण्यास जाताना मध्ये राजूरचा घाट. उतरताना वेग माणसाच्या हाती किती राहतो व हातातून किती निसटतो, हे ज्याने तो घाट सायकलीने उतरला आहे त्यास पुरते ठाऊक आहे.

सायकलीचे व आपल्या कामाचे नाते जुने आहे. पूर्वीचे उपदेशक पायी किंवा बैलगाडीने फिरत. पुढे सायकल आली आणि एका दिवसात दोन गावे होत होती तेथे चार होऊ लागली. ह्याच वाहनावर बसून कित्येकांनी ह्याहून फार दूरचे प्रवास केले आहेत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगारा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन व ब्रह्मदेश असे सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. उरलेले तिघे वाटेत निरनिराळ्या टप्प्यांवर मागे राहिले. सहा निघाले आणि तीन पोहोचले, हा हिशेब दूरच्या वाटेस निघणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावा असा आहे.

आपल्या काळातील उदाहरण घ्या. पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही तरुणी २०१८ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातून एकटी सायकलीने निघाली, आणि १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर चालून डिसेंबर महिन्यात कोलकात्यास पोहोचली. त्या वाटेत, स्पेन देशात, तिला चाकूचा धाक दाखवून लुटण्यात आले व तिच्या डोक्यास मार बसला. यरीहोच्या वाटेवर त्या मनुष्यास लुटारूंनी गाठले, ही केवळ जुन्या काळची गोष्ट आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी ध्यानात घ्यावे की तीच गोष्ट वीस वर्षांच्या एका मराठी मुलीवर गुदरली.

तिच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २०१७ साली, स्कॉटलंडचा मार्क ब्यूमाँट ह्याने ७९ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तोही आरंभीच रशियात पडला होता. त्याचा दात मोडला, कोपरास इजा झाली. परंतु त्याच्या दिमतीस गाडी होती व गाडीत त्याची काळजी वाहणारी माणसे होती. रस्त्याच्या कडेलाच उपचार घेऊन तो पुढे निघाला. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी माइक हॉल नावाचा नामांकित इंग्रज सायकलस्वार ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा शहराजवळ, एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत मोटारीच्या धडकेने पडला. तो पुन्हा उठला नाही. आयोजकांनी ती शर्यत तेथेच थांबविली.

पडणारे सर्वच उठत नाहीत, हे आम्ही येथे जाणूनबुजून लिहीत आहोत. पुष्कळदा आपल्या उपदेशांत पडणारा मनुष्य दुसऱ्याच वाक्यात उठून उभा राहतो व धन्यवाद देऊ लागतो. रस्त्यावर तसे घडत नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्यास जाणारी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्यू पावले, हे तुम्ही विसरला नसाल. रस्ता मोठा असो की लहान, त्यावर पडलेल्या माणसाचे पुढे काय होईल, हे बऱ्याच अंशी पहिल्या घटकाभरात त्याच्याजवळ कोण येतो ह्यावर अवलंबून असते.

आता आमची गोष्ट.

नाताळापूर्वी सायकलीने लहान लहान मंडळ्यांस भेट द्यावी, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. गेल्या खेपेस दोन तरुण सोबत होते. मलकापुराहून निघून घाट चढावा, बुलढाणा, चिखली, मेहकर करीत लोणारापर्यंत जावे, आणि त्याच वाटेने परत यावे, असा नऊ दिवसांचा बेत होता. मागील कॅरिअरवर दोन्ही बाजूंस पिशव्या, त्यांत गीतपुस्तके, कपडे, पंक्चर काढण्याचे सामान. एकूण ओझे पंधरा किलोंहून कमी नव्हते. सात दिवस देवाच्या दयेने सुखरूप गेले. आठव्या दिवशी बुलढाण्यास एका घरी जेवणास आग्रह झाला व निघण्यास उशीर झाला. घाटाखालच्या एका गावी पाच वाजता उपासना ठरली होती. घाटाच्या तोंडाशी एका तरुणाचे चाक पंक्चर झाले. तेव्हा आम्ही त्या दोघांस म्हणालो, "तुम्ही पंक्चर काढून सावकाश या, आम्ही पुढे होतो, लोक वाट पाहत असतील." ज्याने आदल्याच दिवशी त्या मुलांस उतारावर घाई न करण्याविषयी चांगले अर्धा तास सांगितले होते, त्याच माणसाचे हे शब्द!

उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबावेत, वळण येण्याच्या आधी वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे, हे सायकल चालविणाऱ्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. आम्हांसही ठाऊक होते. परंतु एका वळणावर डोंगराच्या बाजूने मुरूम वाहून रस्त्यावर पसरला होता, आणि तो दिसला तेव्हा आम्ही वळणात शिरलेलो होतो. आम्ही घाबरून पुढचा ब्रेक आवळला. पुढचे चाक मुरुमावर सरकले, मागचे ओझे पुढे लोटले, आणि आम्ही डाव्या खांद्यावर रस्त्यावर आदळलो. डोक्यावर हेल्मेट होते. ते एका बाजूस तडकले, डोके वाचले. हनुवटी फाटून रक्त वाहू लागले. डावा हात उचलू गेलो तो उचलेना. हासळीचे हाड मोडले होते. सायकलीवरून पडणाऱ्याचे हेच हाड वारंवार मोडते, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. मोबाईल निसटून दरीच्या बाजूस गेला होता.

आम्ही पडून होतो. दोन मोटारसायकली गेल्या. मग एक मोटारगाडी आली. ती मंद झाली, काचेतून एका गृहस्थाने आमच्याकडे पाहिले, आणि गाडी पुढे गेली. बंधूंनो, त्या मुद्रेवर दुष्टपणा नव्हता. तीवर भीती होती व घाई होती. ती मुद्रा आम्ही तत्काळ ओळखली, कारण ती पूर्वी आमची स्वतःची होती.

जी गोष्ट आम्ही दोन वर्षे कोणास सांगितली नव्हती, ती आता सांगणे भाग आहे. त्या प्रवासाच्या दोन वर्षे आधी, नांदुऱ्याकडून राष्ट्रीय महामार्गाने येत असता, दिवेलागणीच्या सुमारास, रस्त्याच्या कडेस एक मजूर आपल्या सायकलीसह पडलेला आम्ही पाहिला. त्याच्या डोक्याशी रक्त होते. दोनतीन माणसे दूर उभी होती. कोणी हात लावीत नव्हते. आम्ही एक पाय टेकून थांबलो. आमच्या मनात जे आले ते असे : सात वाजता उपासना आहे, पोलीस येतील, पंचनामा होईल, आमचे नाव घेतील, कोर्टात खेपा घालाव्या लागतील, शिवाय ही माणसे आहेतच. असे म्हणून आम्ही पायडलावर पाय ठेवला. आणि त्या रात्री उपासनेत आम्ही त्याच मनुष्यासाठी मोठ्या कळकळीने प्रार्थना केली. मंडळीने आमेन म्हटले. त्याचे पुढे काय झाले, हे आम्हांस आजवर कळलेले नाही.

याजक आणि लेवी हे दोघे दुष्ट होते असे प्रभू कोठेही म्हणत नाही. ते पाहून दुसऱ्या बाजूने गेले, एवढेच तो सांगतो. कदाचित त्यांसही उपासनेची वेळ गाठावयाची असेल. प्रेतास शिवल्याने विटाळ होईल, मग सेवा करता येणार नाही, असाही विचार त्यांच्या मनात आला असेल. घाटात त्या मुरुमावर पडून आम्हांस समजले की त्या संध्याकाळी वाटेत पडलेला तो मजूर म्हणजेच आमची सात वाजताची उपासना होती, आणि ती आम्ही चुकविली.

मग कोण आला ते ऐका. शेळ्या राखणारा एक वृद्ध मनुष्य वरच्या उतारावरून हे सर्व पाहत होता. आपल्या नातवास शेळ्यांपाशी ठेवून तो काठी टेकीत खाली आला. आम्ही उठू लागलो तोच त्याने हाताने दाबून धरले व म्हणाला, "बाप्पा, उठू नका. पडूनच राहा. मान हालते का थे पाहा पयले. कोठी दुखते?" त्याने आपला रुमाल सोडून हनुवटीस घट्ट दाबला. मग खांद्यावरचे उपरणे काढून त्याची झोळी केली व आमचा हात छातीशी बांधला. शेळीचे मोडलेले तंगडे बांधण्याची त्याच्या हातास सवय होती. तीच विद्या त्या दिवशी एका पाळकाच्या कामी आली.

खाली जाणारा दुधाचा एक टेम्पो दिसताच तो म्हातारा रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. टेम्पोवाल्याने रक्त पाहिले व तो कचरला. म्हणाला, "बुढेबाबा, उद्या पोलीस मलेच इचारतीन." म्हातारा म्हणाला, "इचारतीन त माहं नाव सांग. जे होईन थे माह्यावर." आणि तो स्वतः आमच्याबरोबर टेम्पोत बसला. वाटेतील जे अधिक लागेल ते मी परत येताना भरीन, असा जो हवाला शोमरोन्याने उतारशाळेच्या रखवालदारास दिला, तो आम्ही शेकडो वेळा वाचला आहे. परंतु आपल्यासाठी कोणी जामीन राहतो म्हणजे काय, हे त्या दिवशी प्रथम कानांनी ऐकले.

ह्यातून आम्ही जे शिकलो ते तीन भागांत सांगतो.

पहिली गोष्ट ही की, हा दाखला पडलेल्याच्या जागेवरून वाचावा. शास्त्र्याने विचारले की माझा शेजारी कोण. जो धडधाकट आहे, ज्याच्या हाती निवड आहे, त्याचा हा प्रश्न आहे. प्रभूने तो उलटून विचारला की पडलेल्याचा शेजारी कोण झाला. पडलेल्याच्या हाती निवड नसते. जो येईल तो त्याचा शेजारी. यहुदी व शोमरोनी ह्यांच्यात व्यवहार नव्हता, हे तुम्हांस ठाऊक आहे. आणि व्यवहार नसणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावे लागले नाही. विहिरीवर ओंजळीत वरून ओतलेले पाणी त्यांनी प्यालेले आहे. तो म्हातारा वाकला तेव्हा आमच्या मनात एक जुनी भीती उठली : हा आता नाव विचारील, मग गाव विचारील, मग आडनाव, आणि मग हात मागे घेईल. त्याने एकच प्रश्न विचारला : कोठे दुखते. बंधूंनो, ख्रिस्तावर विश्वास ठेवून वीसपंचवीस वर्षे झाली तरी ती भीती आमच्या अंतःकरणाच्या तळाशी होती, आणि ती काढण्यास देवाने आपल्या मंडळीबाहेरचा एक मनुष्य पाठविला. तेव्हा आपणही कोणास उचलताना तो आपल्या मंडळीचा आहे काय, प्रार्थनेस येतो काय, दारू पिऊन पडला आहे काय, हे विचारीत बसू नये. कोठे दुखते, एवढेच विचारावे.

दुसरी गोष्ट भीतीविषयी. आम्ही महामार्गावर भ्यालो ते पोलिसांस व कोर्टास. टेम्पोवालाही त्यासच भ्याला. ती भीती एके काळी अगदी निराधार नव्हती. परंतु आता कायद्याने तिचा आधार काढून घेतला आहे, आणि हे प्रत्येक मंडळीत मोठ्याने सांगितले पाहिजे. ३० मार्च २०१६ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम सर्व देशात बंधनकारक केले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घालण्यात आले. जो मनुष्य सद्भावनेने, आपखुशीने, मोबदल्याची अपेक्षा न धरता अपघातात सापडलेल्यास मदत करतो, त्याच्यावर त्या मनुष्याच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. दवाखान्याने त्यास अडकवून ठेवू नये. साक्ष देणे न देणे त्याच्या खुशीचे. आणि ह्या मदत करणाऱ्या मनुष्यास कायद्याने कोणते नाव दिले आहे? गुड समॅरिटन, म्हणजेच चांगला शोमरोनी. ज्या देशात आपण मूठभर आहोत त्या देशाच्या कायद्याच्या पुस्तकात आपल्या प्रभूच्या दाखल्यातील हे नाव लिहिले गेले आहे. कायदेमंडळाने जे नाव स्वीकारले, ते आपण केवळ रविवारी वाचण्यापुरते ठेवावे काय?

जखमीस वेळेत दवाखान्यात नेणाऱ्यास सरकारने बक्षीसही ठेवले आहे. २०२१ साली ते ५,००० रुपये होते, पुढे २५,००० झाले. तसेच मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशी योजना जाहीर केली की मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्यास ठरविलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आगाऊ पैसे न भरता मिळावेत. बक्षिसासाठी कोणी थांबावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु खर्च कोण करणार ह्या धास्तीने जे मागे सरतात, त्यांस हे सांगणे आपले काम आहे.

तिसरी गोष्ट ही की, दयेस ज्ञानाची जोड पाहिजे. शोमरोन्यास कळवळा आला एवढ्यावर प्रभू थांबला नाही. त्याने जखमांस तेल व द्राक्षारस लाविला, त्या बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, हे सर्व एकेक करून सांगितले. त्या काळी जी औषधे ठाऊक होती ती त्याच्याजवळ होती व ती वापरावी कशी हे त्यास येत होते. आपल्या काळी जे ठाऊक असावे ते थोडक्यात लिहितो. उपदेशक बंधूंनी हे मंडळीत वाचून दाखवावे.

प्रथम वाहनांपासून बचाव करा. पडलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंस अंतरावर एखादी फांदी ठेवा किंवा कोणास हात हालवीत उभे करा, नाही तर एकाचे दोन पडतात. मग महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवा. त्यास पैसे पडत नाहीत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर घट्ट दाबून धरा, पुन्हापुन्हा उचलून पाहू नका. मान किंवा पाठ दुखते असे तो म्हणत असेल तर त्यास बसवू नका, ओढू नका, हेल्मेट खेचून काढू नका. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ते श्वासाच्या नळीत जाते. शुद्ध नसून श्वास चालू असेल तर डोके, मान व धड एका रेषेत धरून त्यास हळूच कुशीवर वळवा. अंगावर पांघरूण घाला, आणि त्याच्याशी बोलत राहा. हे शेवटचे सर्वांत सोपे आहे, आणि पडलेल्यास ते किती लागते हे आम्ही अनुभवाने सांगतो. तो म्हातारा टेम्पोत सारा वेळ आपल्या शेळ्यांची नावे सांगत होता.

ह्याखेरीज प्रत्येक मंडळीने दोन कामे करावीत अशी आमची विनंती आहे. प्रार्थनागृहात स्वच्छ कापडाच्या पट्ट्या, कापूस, एक चादर व विजेरी अशी एक पेटी ठेवावी, आणि ती कोठे आहे हे सर्वांस, मुलांससुद्धा, ठाऊक असावे. आणि दुसरे असे की, उपासनेस निघालेला कोणी वाटेत पडलेल्याजवळ थांबला व त्यामुळे उपासनेस आला नाही, तर त्याची गैरहजेरी कोणी मांडू नये. तो उपदेशक असला तरी! मंडळीने बसून वाट पाहावी, गीत गावे, आणि न झाल्यास घरी जावे. त्या दिवशी देवाची सेवा रस्त्यावर झाली असे समजावे.

आता थोडेसे उरले आहे. सहा आठवडे आमचा हात झोळीत होता. पहिल्या आठवड्यात ते दोन तरुण आमची सायकल घेऊन आले. तिचे पुढचे चाक वाकले होते, ते त्यांनी नीट करून आणले. सोळाव्या दिवशी तो म्हातारा नातवास घेऊन आमच्या घरी आला, उपरणे परत नेण्यास. आमच्या पत्नीने ते धुऊन ठेवले होते, परंतु रक्ताचा डाग गेला नव्हता. तिने नवे उपरणे पुढे केले. त्याने जुनेच घेतले व म्हणाला, हे मऊ झाले आहे. आम्ही विचारले की तुमची गोष्ट वर्तमानपत्रात छापू काय. तो हसून म्हणाला, "त्यात काय छापाचं? पडेल बकरीले बी कोनी टाकून जात नाई." त्याचे नाव आम्हांस ठाऊक आहे, त्याच्या इच्छेप्रमाणे ते येथे दिलेले नाही.

नांदुऱ्याच्या रस्त्यावरील त्या मजुराचे नाव मात्र आम्हांस ठाऊक नाही. बरे झाल्यावर आम्ही त्या ठिकाणी गेलो, आसपासच्या दुकानांत विचारपूस केली. दोन वर्षांपूर्वीचे कोणास आठवणार? पश्चात्ताप केल्यास देव क्षमा करतो, ही आमची श्रद्धा आहे, आणि ती आम्ही सोडलेली नाही. परंतु क्षमा झाली म्हणजे तो मनुष्य रस्त्यावरून उचलला गेला असे होत नाही. ज्यास आपण उचलले नाही त्याचे देणे, पुढे जो पडलेला भेटेल त्याच्याजवळ थांबून फेडावयाचे, एवढाच मार्ग आम्हांस दिसतो. प्रभूने त्या शास्त्र्यास शेवटी शाबासकी दिली नाही, की शापही दिला नाही. जा आणि तूही तसेच कर, एवढेच सांगून त्याने त्यास पुन्हा वाटेस लाविले.

येत्या नाताळापूर्वी देवाची इच्छा असल्यास आम्ही पुन्हा सायकलीने निघणार आहोत. घाटाखालच्या मंडळीस आधीच कळवून ठेवतो की, पाचाची वेळ दिली असली तरी आम्हांस उशीर होईल. उतारावर आम्ही सावकाश येऊ, आणि वाटेत कोणी पडलेला दिसल्यास आम्ही मुळीच येणार नाही. तेव्हा दिवा लावून बसा आणि आम्हांसाठी नव्हे, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि प्रार्थना झाल्यावर तुमच्यांतील दोघांनी विजेरी व पेटी घेऊन घाटाकडे चालू लागावे.

जो प्रभू आम्हां पडलेल्यांजवळ स्वतः खाली उतरून आला, ज्याने आमचे देणे आपल्यावर घेतले, त्याची कृपा वाटेवरच्या सर्वांबरोबर असो. आमेन.